शालूबाईंच्या मोटारीचा सौदा

खामगावच्या कापूस बाजारात उत्तमराव दलाल बैलगाडीजवळ आले की कास्तकार आपोआप गप्प व्हायचा. गाठोड्यातून चिमूटभर कापूस ओढून ते दोन अंगठ्यांत धरून ताणत, ओठ जरासे वाकडे करत आणि म्हणत, "ओल हाये." ओल असो वा नसो, तेवढ्यानं भाव उतरायचा. त्यांचं तत्त्व सरळ होतं. माल विकणाऱ्याला आपल्या मालाची खोट आधीपासून ठाऊक असते; आपण ती फक्त चारचौघांत मोठ्यानं बोलायची. बाकीचं काम त्याची भीती करते.

लढाईचं पाचवं वर्ष चालू होतं. नव्या मोटारी यायच्या बंद झाल्या होत्या, पेट्रोल कुपनावर मिळत होतं आणि माणसं नेणाऱ्या सर्व्हिसच्या लॉऱ्या पेट्रोलऐवजी कोळशाच्या गॅसवर, पाठीला भट्टी बांधून खोकत खोकत धावत होत्या. बुलढाण्याला कोर्टाच्या तारखेला जाणारी माणसं पहाटेपासून स्टँडवर उभी राहायची आणि दुपारी निराश होऊन घरी परतायची. ती गर्दी उत्तमराव रोज पाहत. अशा दिवसांत ज्याच्या दारात चालती मोटार, तो राजा, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

म्हणून जळगाव जामोदच्या रामराव पाटलांची मोटार विकाऊ आहे असं कानावर आलं, त्याच आठवड्यात उत्तमराव निघाले. सोबत खुर्शीद मिस्त्रीला घेतलं. खुर्शीद सरकी काढायच्या जिनाचं इंजिन सांभाळायचा, गावातल्या दोन-चार मोटारीही त्याच्याच हातच्या होत्या. वय पंचविशीच्या आतबाहेर, अंगानं काटक, बोलायला थोडका. घरी आई अमीरबी आणि लग्नाची बहीण शबाना. उत्तमरावांनी त्याला वाटेतच सांगून ठेवलं होतं, "मोटार घेतली तर डायव्हर तूच. पगार जिनाच्या दीडपट." खुर्शीद नुसता हसला होता, पण त्या हसण्यात शबानाचं लग्न होतं, हे उत्तमरावांनी बरोबर ओळखलं होतं.

नांदुऱ्यापर्यंत रेल्वे, पुढे बैलांची दमणी, असा प्रवास करून ते पोचले. मोटार कापसाच्या गोदामात ताडपत्रीखाली उभी होती. वीस वर्षांपूर्वीची, उंच, कापडी हुडाची, पितळी दिव्यांची. हुड दोन ठिकाणी फाटला होता, मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातली होती. उत्तमरावांनी सवयीनं ओठ वाकडे केले.

खुर्शीदनं मात्र रंगाकडे पाहिलंच नाही. बॉनेट उघडून त्यानं तेलात बोट बुडवलं, दोन बोटांत चोळून पाहिलं. मग पुढून हँडल घालून इंजिन हळूहळू फिरवलं. आतला दाब हाताला लागतो की हँडल मोकळंच फिरतं, हे तो डोळे मिटून अजमावत होता. बाटलीभर पेट्रोल घालून गाडी चालू केली तेव्हा धूर आधी काळा आला आणि थोड्या वेळानं पांढुरका होऊन विरून गेला. मग तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

तेवढ्यात उत्तमरावांना गोदामाच्या कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी दिसलं. त्यांनी गोणपाटाचं टोक उचललं. दोन कोरे टायर. चाकांवरचे चारही जवळजवळ नवेच. रबराचा मुलूख जपान्यांच्या हाती गेल्यापासून टायर म्हणजे सोनं झालं होतं. त्यांनी गोणपाट पुन्हा होता तसा टाकला आणि चेहरा आंबट केला.

विहिरीच्या आडोशाला त्यांनी खुर्शीदला विचारलं, "खरं सांग, कितीची हाये?"

"मालक, इंजन पक्कं हाये. टायर तर पाह्यलेच तुमी. ब्रेक मात्र नाईत. पट्टे झिजून रिबिटा उघड्या पडल्या हायेत. पुढच्या चाकाले तर ब्रेक नसतेच या मोटारीले, जे काय हाये ते मागच. गोदामातला गडी सांगे, बाई दोन हजार म्हनून राह्यली. त्या भावात डोये झाकून घ्या. ब्रेकचे पैसे तिनं पह्यलेच कापून सांगतले हायेत."

"ते मी पायतो," उत्तमराव म्हणाले.

रामरावांच्या बायको शालूबाई ओट्यावर येऊन बसल्या. रामरावांना जाऊन वर्ष झालं होतं. पोटी मूलबाळ नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करत त्यांनी स्वतःच सुरुवात केली.

"भाऊ, मी काई लपवत नाई. हे जायच्या आधीपासून मोटार बंदच होती. ब्रेक लागत नाईत. हे म्हनत, पट्टे बदलल्याबिगर रस्त्यावर काढाची नाई. म्हनून मी दोन हजार सांगतले. नाईतर अकोल्याचे एक जन अडीच म्हनून गेले होते."

असं कुणी आपणहून बोललं की उत्तमरावांना तोंडात साखर पडल्यासारखं व्हायचं.

"वयनी, ब्रेक नसलेली मोटार म्हन्जे मोटार नसते, लोखंड असते," ते म्हणाले. "उद्या घाटात माणूस मेला तर कोनाच्या जिवावर? पट्टे लढाईपाई भेटत नाईत, भेटले तर चारपट भावानं. सारे रॉड बदला लागतीन. मिस्त्री लागन, महिना जाईन. हुड फाटला, लाकडी आरे ढिले झाले. हजाराच्या वर मोटार नाई ही."

"टायर पाहा नं भाऊ."

"रबर पडून पडून सडते, वयनी. वरून नवं दिसते."

खुर्शीदनं मान खाली घातली. शालूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. पण तो पायानं माती उकरत राहिला.

मग उत्तमरावांनी शेवटचा घाव घातला. दमणीवाल्याकडून वाटेत त्यांनी सगळं काढून घेतलं होतं. "दारात मोटार उभी राह्यली तर तुमचे पुतने वाटा मांगतीन. आजच मांगून राह्यले म्हन्ते गाव. त्यायनं एक दिवस ओढून नेली, तर तुमच्या हाती काय राहीन?"

शालूबाईंचा चेहरा उतरला. बाराशेवर सौदा पटला. पैसे पदरात बांधताना त्या म्हणाल्या, "भाऊ, एक करा. ब्रेकचं पह्यले करा. पैसे कापले ते त्याच्यासाठी कापले, हे ध्यानात ठेवा."

"म्या का येडा हाये, वयनी?" उत्तमराव हसून म्हणाले.

खुर्शीदनं सपाट रस्त्यानं, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, बैलगाडीच्या चालीनं मोटार खामगावला आणली. त्या संध्याकाळी बाजाराजवळच्या हॉटेलात उत्तमरावांनी सगळ्यांना चहा पाजला. उकंडराव नावाचा त्यांच्याच धंद्यातला माणूस शेजारी बसला होता. त्याच्या मांडीवर थाप मारून उत्तमराव म्हणाले, "बाईनंच सांगतलं, ब्रेक नाई म्हनून. मी तिचीच खोट तिले इकली. आठशे रुपयाले!" हॉटेल हसलं. उत्तमरावांना तो हशा घरी पोचेपर्यंत पुरला.

पट्टे खामगावात मिळाले नाहीत, अकोल्यातही नाहीत. नागपूरच्या दुकानाकडून निरोप आला की माल आहे, चाकं आणि ड्रम मापाला पाठवा. म्हणजे मोटार पंधरवडा उभी ठेवायची. लग्नसराई तोंडावर होती, कोर्टाच्या तारखा चालू होत्या, भाड्याच्या खेपांना हीच वेळ होती. उत्तमरावांनी जिनात पडलेला जुना मशीनचा पट्टा उचलला. "याचे तुकडे कापून रिबिटा मार. जाड तं हाये."

खुर्शीदनं मारले. सपाटीवर मोटार थांबायला लागली. पण बुलढाण्याहून उतरताना बोथ्याच्या घाटात मागच्या चाकांतून जळकट वास यायचा आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडत जायचा.

"मालक, घाटात हे जयते," तो प्रत्येक खेपेला सांगायचा.

"जयलं तं दुसरे लाव. जिनात पट्टे का कमी हायेत?"

"पट्टे बदलून भागत नाई. उतार अर्धा व्हत नाई तं हे जयून जातात. नागपूरले पाठवू."

"हंगाम निंघू दे. मंग पाठवू." मग उत्तमराव आवाज मऊ करत. "शबानाचं जमलं म्हन्ते? जेठात बार उडवू. मी हाये नं."

खुर्शीद पट्ट्याचा नवा तुकडा कापायला घ्यायचा. जिनाची नोकरी त्यानं सोडली होती. त्या जागी दुसरा लागला होता.

चैत्रातल्या त्या दिवशी उत्तमराव स्वतः पुढच्या सीटवर होते. बुलढाण्याहून परतीची खेप. मागे कोर्टातली माणसं दाटीवाटीनं बसली होती. खुर्शीदच्या पाठीमागे कडूबा नावाचा म्हातारा होता. बांधाचा दावा कितीतरी वर्षांनी त्याच्या बाजूनं लागला होता. त्यानं पेढे घेतले होते आणि उघडं कागदी पुडकं सगळ्यांपुढे फिरवत तो सांगत होता, "माह्या बापानं लावलेली बाभूय होती ते. आता माह्यीच." उत्तमरावांनी पेढा घेतला. खुर्शीदनं हात स्टिअरिंगवर आहेत म्हणून मानेनं नको म्हटलं.

घाट निम्मा उतरला आणि जळकट वास आला. खुर्शीदनं गिअर खाली घेतला. इंजिन ओरडायला लागलं. पुढच्या वळणावर खालून बांबूच्या गाड्या चढत होत्या, एकामागे एक, सगळा रस्ता अडवून. खुर्शीदनं ब्रेक तळापर्यंत दाबला. उत्तमरावांना त्याचा ताठ गुडघा दिसत होता. मोटार थांबली नाही. त्यानं हातब्रेकचा बाहेरचा लिव्हर दोन्ही हातांनी ओढला. डावीकडे दरी होती, समोर बैलं आणि माणसं, उजवीकडे खडक.

"मालक, धरा!"

एवढंच तो बोलला. त्यानं चाक उजवीकडे फिरवलं, आपल्या बाजूला. मोटार खडकाला घासली, उसळली, पुन्हा आदळली आणि थांबली.

उत्तमरावांना शुद्ध आली तेव्हा रेडिएटरमधून वाफ निघत होती आणि कुणीतरी बैलांना हाकारत होतं. त्यांचा डावा पाय सीटखाली अडकला होता. उजवीकडे पाहायचं त्यांच्या मनात नव्हतं. पण मान तिकडेच वळलेली होती. खुर्शीदची छाती स्टिअरिंगवर चेपली होती, डोळे उघडे होते. मागे कडूबा सीटवरून खाली सरकला होता. तो खामगावच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला. बाकीचे वाचले. बांबूवाल्यांपैकी एकालाही खरचटलं नाही.

दवाखान्यात पायाला फळ्या बांधून उत्तमराव पडले असताना पोलिसांच्या आधी वामनराव वकील आले. ते उत्तमरावांचे जुने स्नेही. खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "दोन माणसं गेलीत. बेपर्वाईचा खटला होणार. ब्रेक खराब होते हे तुम्हाला माहीत होतं का, एवढाच प्रश्न आहे. माहीत नसेल, तर बाईनं मोटार चांगली सांगून गळ्यात बांधली, असं होतं. डायव्हर तर आता बोलायला नाही."

दुपारी हवालदार आला तेव्हा उत्तमरावांनी जबाब दिला. बाईनं ब्रेक ठीक आहेत असं सांगितलं होतं, मिस्त्रीनंही तपासून होकार दिला होता, मला यातलं काही कळत नाही. सांगताना जीभ कुठंही अडखळली नाही. उभा जन्म त्यांनी दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवली होती. हेही त्यातलंच एक, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

तीन-चार दिवसांनी अमीरबी आली. शबाना तिचा हात धरून होती. उत्तमरावांची बायको कोकिळा खाटेजवळ बसली होती, ती उठून उभी राहिली. उत्तमरावांना वाटलं, आता ही शिव्या देईल, छाती पिटेल. तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं. अमीरबी खाली फरशीवर बसली. बराच वेळ तिनं त्यांच्या बांधलेल्या पायाकडे पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "वो रोज घर आके बोलता था, पट्टे नहीं बदले, पट्टे नहीं बदले. कितने के आते थे वो पट्टे?"

भाव विचारला की उत्तर द्यायची उत्तमरावांची सवय. ती सवयच बोलून गेली.

"साठ-सत्तर."

"साठ-सत्तर," अमीरबी म्हणाली. जणू बाजारात कुणीतरी मिरचीचा भाव सांगितला होता आणि तो तिला घरी जाऊन सांगायचा होता. मग ती शबानाच्या खांद्याला धरून उठली आणि गेली.

कोकिळानं विचारलं, "तुमाले ठाव होतं?"

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. कोकिळा त्या दिवशी डबा ठेवून घरी गेली ती दोन दिवस आली नाही.

खटला बुलढाण्याला उभा राहिला. उत्तमराव काठी टेकत कोर्टात गेले. त्यांच्या जबाबामुळे शालूबाईंना समन्स निघालं होतं. त्या भावाला सोबत घेऊन जळगावहून आल्या होत्या. कोर्ट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असावं. पिंजऱ्याचा कठडा त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

सरकारी वकिलानं विचारलं तसं त्यांनी सगळं सांगितलं. वामनराव उलटतपासणीला उठले.

"बाई, तुम्हाला मोटारीतलं काय कळतं?"

"मले मोटारीतलं काईच कयत नाई. कोन काय बोललं ते कयते."

"ब्रेक चांगले आहेत, असं तुम्ही आरोपीला सांगितलं होतं."

शालूबाईंनी वामनरावांकडे नाही, सरळ उत्तमरावांकडे पाहिलं.

"तसं सांगतलं असतं, तर यायनं आठशे रुपये कशाचे कापले?"

मॅजिस्ट्रेटची लेखणी कागदावर चालत राहिली. साक्षीदारांच्या बाकावर उकंडराव बसला होता. हॉटेलातलं बोलणं सांगायला पोलिसांनी त्यालाही बोलावलं होतं. मागच्या भिंतीला टेकून अमीरबी उभी होती.

मॅजिस्ट्रेटनं उत्तमरावांना विचारलं, "या साक्षीबद्दल तुम्हाला काही म्हणायचं आहे?"

वामनरावांनी आधीच पढवून ठेवलं होतं, की 'खोटं आहे' एवढंच म्हणायचं. तो शब्द उत्तमरावांच्या ओठांवर तयार होता. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना खुर्शीदचा तो ताठ गुडघा दिसला.

"बाई खरं बोलून राह्यली," ते म्हणाले. "मले ठाव होतं. नागपूरले पट्टे भेटत होते, म्याच मागवले नाई. पोरानं दरवेळी सांगतलं होतं मले. त्यानं होकार दिला म्हनून मी लिहून दिलं, ते खोटं हाये."

वामनरावांनी हातातले कागद टेबलावर आपटले. अमीरबीनं पदर तोंडाशी नेला. ती रडली की नाही, ते उत्तमरावांना एवढ्या लांबून दिसलं नाही.

वर्षाची सजा झाली. ते अकोल्याच्या तुरुंगात असताना कोकिळानं घाटातला सांगाडा विकायला काढला. भंगारवाल्यानं लोखंडाला मातीमोल भाव दिला. पण चाकांवरचे चार आणि घरी ठेवलेले दोन कोरे, असे सहाही टायर शाबूत होते आणि एकट्या टायरांचेच बाराशेच्या वर पैसे आले. ते पैसे तिनं दोन वाटे करून नेले, एक कडूबाच्या घरी, एक अमीरबीच्या. कडूबाच्या लेकांनी वाटा घेतला आणि तिला दारातून हाकलून दिलं. अमीरबीनंही घेतला, एक शब्द न बोलता. त्याच पैशांत शबानाचं लग्न झालं, आणि ती पोरीच्या सासरी बऱ्हाणपूरला निघून गेली. मुलाखतीला आलेल्या कोकिळानं हे सगळं गजांपलीकडून, खाली मान घालून सांगितलं.

सुटून आल्यावर उत्तमराव बाजारात गेले नाहीत. एका सकाळी कोकिळाला काही न सांगता ते नांदुऱ्याच्या गाडीत बसले आणि पुढे दमणीनं जळगावला गेले. शालूबाई अंगणात तूर पाखडत होत्या. त्यांनी उत्तमरावांना ओळखलं, सूप खाली ठेवलं, पण 'या' म्हटलं नाही.

"वयनी, माफी मांगाले आलो."

"मले काऊन मांगता?" त्या म्हणाल्या. "माह्या नावानं खोटं लिहून देल्लं होतं, ते तुमीच पुसलं. आपलं फिटलं."

उत्तमराव काठीवर भार देऊन उभे राहिले. शालूबाई पुन्हा सुपाकडे वळल्या, पण हात चालेनात.

"भाऊ, मलेही ठाव होतं," त्या हळू म्हणाल्या. "ब्रेक नाईत हे ठाव होतं, अन् तुमी कसे हा तेही त्या दिवशी कयलं होतं. टायर सडले म्हनले तवाच कयलं. असा मानूस पट्टे बदलनार नाई, हे मनात आलं होतं माह्या. तरी मी दिली. पुतन्यायच्या भेवानं दिली. तोंडानं सांगून टाकलं म्हन्जे मी सुटली, असं वाटलं होतं मले. नाई सुटली. त्या पोरानं मान खाली घातली होती नं, तो डोयासमोरून हालत नाई."

उत्तमरावांना काहीतरी बोलायचं होतं. तुमचा काही दोष नाही, एवढं तरी. पण त्यांच्या तोंडून निघालेल्या शब्दाला आता कुणाकडेच वजन उरलेलं नव्हतं, आणि शालूबाईंकडे तर नाहीच.

"तुमी पुन्हा येऊ नका," त्या म्हणाल्या. "तुमाले पाह्यलं की मले माह्यंच केलेलं दिसते."

दमणीवाला दुसरं भाडं घेऊन निघून गेला होता. उत्तमराव काठी टेकत नांदुऱ्याच्या रस्त्याला लागले. ऊन चढलं होतं. मागून दोन बैलगाड्या आल्या आणि गेल्या. गाडीवानांनी वळून पाहिलं. उत्तमरावांनी एकालाही थांब म्हटलं नाही.